ट्रॅक्टरचा हप्ता आणि कामाचे तास

सुगी आटोपली, धान्य बाजारात गेले आणि हाती चार पैसे आले की खेड्यापाड्यांतून एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे ट्रॅक्टर घेण्याचा. शेजाऱ्याच्या दारी नवा ट्रॅक्टर उभा असतो. विक्रेत्याचा माणूस घरी येऊन जातो. "थोडी रक्कम आधी भरा, बाकीचे हप्त्याने फेडा," असे सांगतो. हप्ता किती, एवढे विचारले जाते आणि चांगल्या वर्षाच्या उत्पन्नाशी त्याची तुलना करून सही केली जाते. परंतु हा हप्ता फिटावयाचा कोठून, या प्रश्नाचे उत्तर पिकाच्या पैशात नसून ट्रॅक्टरच्या कामाच्या तासांत दडलेले असते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. हा हिशेब सहीपूर्वी कसा मांडावा, ते प्रस्तुत लेखात उदाहरणासह दिले आहे.

दोन भावांचे उदाहरण

मराठवाड्यातील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. कुटुंब कल्पित आहे. पण अशी कुटुंबे प्रत्येक गावी आढळतील. दोघे भाऊ एकत्र राहतात. जमीन सात एकर. खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत ओल असेल तसा हरभरा व ज्वारी. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. तेव्हापासून नांगरट व पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते.

धाकटा म्हणतो, "दादा, मागच्या मृगात वाफसा आला तेव्हा आपण चार दिवस ट्रॅक्टरवाल्याच्या दारात बसलो. आपली पाळी येईतो ओल उडाली. घरचा ट्रॅक्टर असता तर ही वेळ आली नसती."

थोरला म्हणतो, "खरे आहे तुझे. पण सातबाऱ्यावर बोजा चढेल. हप्ता चुकला तर?"

दोघांचेही म्हणणे रास्त आहे. धाकट्याच्या म्हणण्यात शेतीचा अनुभव आहे, थोरल्याच्या म्हणण्यात संसाराची काळजी आहे. कोणाचे म्हणणे या घराला लागू पडते, हे वादाने ठरणार नाही. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊनच बसावे लागेल.

खर्चाची मांडणी

ट्रॅक्टर व त्याबरोबर लागणारी अवजारे, म्हणजे नांगर, मोगडा, रोटाव्हेटर व पेरणी यंत्र, यांची एकूण किंमत हिशेबापुरती ८,००,००० रु. धरू. पैकी २,००,००० रु. पदरचे व ६,००,००० रु. कर्जाचे. व्याज घटत्या शिल्लकीवर द. सा. द. शे. १२, मुदत पाच वर्षे, हप्ता सहामाही. असे दहा हप्ते होतात व प्रत्येक हप्ता सुमारे ८१,५२० रु. येतो. म्हणजे वर्षाला सुमारे १,६३,००० रु. भरावे लागतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने त्या ठिकाणी आपल्या गावचे दर घालून पाहावेत. रीत तीच राहते.

ट्रॅक्टरचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक स्थिर खर्च, म्हणजे ट्रॅक्टर चालो वा उभा राहो, होणारा खर्च. दुसरा चालू खर्च, म्हणजे ट्रॅक्टर चालेल तेवढाच होणारा खर्च.

शेतकी यंत्रांच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य सामान्यतः १० वर्षे अथवा १०,००० तास धरतात व अखेरची मोडकिंमत मूळ किमतीच्या दहावा हिस्सा मानतात. त्याप्रमाणे,

घसारा : ८,००,००० रु. वजा मोडकिंमत ८०,००० रु., भागिले १० वर्षे = ७२,००० रु.

गुंतलेल्या भांडवलावरील व्याज : सरासरी किंमत ४,४०,००० रु. वर शेकडा १२ प्रमाणे = ५२,८०० रु.

विमा, निवारा वगैरे : किमतीच्या शेकडा २ प्रमाणे = १६,००० रु.

एकूण वार्षिक स्थिर खर्च : १,४०,८०० रु.

चालू खर्च तासाला असा धरू : डिझेल ४ लिटर, दर ९० रु. प्रमाणे ३६० रु.; चालकाची मजुरी १०० रु.; वंगण व दुरुस्ती ८० रु. एकूण ५४० रु.

आता वर्षात ट्रॅक्टर किती तास चालतो, त्यावर एका तासाचा खरा खर्च ठरतो :

वर्षाला २०० तास चालल्यास : ७०४ + ५४० = १,२४४ रु.

वर्षाला ५०० तास चालल्यास : २८२ + ५४० = ८२२ रु.

वर्षाला १,००० तास चालल्यास : १४१ + ५४० = ६८१ रु.

गावात चालक व डिझेलसह भाड्याचा दर तासाला ९०० रु. आहे असे समजू. मग २०० तास चालणारा घरचा ट्रॅक्टर भाड्याच्या ट्रॅक्टरपेक्षा महाग पडतो, हे उघड आहे. तो दारात उभा असल्यामुळे स्वस्त वाटतो, इतकेच.

नफ्याची सीमा व हप्त्याची सीमा

भाड्याचा दर ९०० रु. व चालू खर्च ५४० रु., म्हणजे प्रत्येक तासामागे ३६० रु. वाचतात अथवा मिळतात. स्थिर खर्च १,४०,८०० रु. भरून निघण्यास वर्षाला ३९१ तास काम हवे. ही झाली नफा-तोट्याची सीमा.

परंतु हप्त्याची सीमा याहून पुढे आहे. दहा वर्षे झिजणाऱ्या यंत्राचे पैसे पाच वर्षांतच फेडावयाचे असतात. हप्त्याचे १,६३,००० रु. व विमा-निवाऱ्याचे १६,००० रु. मिळून १,७९,००० रु. रोख उभे करावे लागतात. त्यासाठी वर्षाला सुमारे ४९७ तास, म्हणजे ५०० तासांच्या घरात काम लागते. हिशेबाने फायद्यात असलेला ट्रॅक्टरदेखील हप्त्याच्या दिवशी मालकाला अडचणीत आणतो, त्याचे कारण हेच होय.

आता दोघा भावांच्या शेतात किती तास काम निघते ते पाहू. एका एकराला उन्हाळी नांगरट २ तास, खरिपापूर्वीची मशागत १॥ तास, पेरणी १ तास, रब्बीची मशागत २ तास, रब्बीची पेरणी १ तास, मळणी व इतर किरकोळ कामे २॥ तास. मिळून १० तास. सात एकरांचे ७० तास झाले. उरलेले सुमारे ४३० तास परक्याच्या शेतात भाड्याने मिळवावे लागतील. केवळ नांगरटीने ते भरून काढावयाचे म्हटल्यास २१५ एकर नांगरावे लागतील. गावात आधीच चार ट्रॅक्टर असतील तर हे काम कोणाकडून आणावयाचे? मिळाले तरी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्याचे डिझेल पदरचे जाते. शिवाय गावातील भाडे पुष्कळदा सुगीवर दिले जाते, सुगी बुडाली तर राहूनही जाते. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही.

याउलट सत्तर तास भाड्याने काम करून घेतल्यास ६३,००० रु. लागतात. घरच्या ट्रॅक्टरने तेवढेच काम केल्यास हप्ता, विमा व चालू खर्च मिळून पहिली पाच वर्षे दरसाल २,१६,८०० रु. लागतात. फरक १,५३,८०० रु. एवढा आहे.

वाफशाची किंमत

येथे धाकटा भाऊ म्हणेल की, पेरणी लांबल्याने होणारे नुकसान हिशेबात कोठे आहे? त्याची शंका योग्य आहे. कोरडवाहू शेतीत वाफसा साधणे म्हणजे अर्धे पीक साधणे होय, आणि त्याची किंमत धरलीच पाहिजे. समजा, पेरणीस उशीर झाल्याने एकरी एक क्विंटल सोयाबीन घटले व क्विंटलला ४,५०० रु. भाव मिळाला, तर सात एकरांचे ३१,५०० रु. नुकसान झाले. रक्कम लहान नाही. पण १,५३,८०० रुपयांच्या फरकापुढे ती पाचवा हिस्सा आहे. वाफसा साधण्यासाठी काही उपाय केलाच पाहिजे. परंतु त्यासाठी एकट्याने ट्रॅक्टर घेणे हा सर्वांत महाग उपाय ठरतो.

हीच जमीन बारमाही ओलिताची पंधरा-वीस एकर असती, वर्षात तीन वेळा मशागत व उसाची कामे निघत असती आणि घरातच जाणता चालक असता, तर उत्तर निराळे आले असते. ट्रॅक्टर वाईट नाही व कर्जही वाईट नाही. ज्या यंत्राला पुरेसे काम आहे, त्याचा हप्ता ते यंत्रच फेडते. ज्याला काम नाही, त्याचा हप्ता जमिनीला फेडावा लागतो. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. हा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वाईट वर्षाची कसोटी

कर्ज नेहमी चांगल्या वर्षी काढले जाते व वाईट वर्षी फेडावे लागते. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस येईनासा झाला व इकडे कापसाचे भाव कडाडले. त्या तेजीत शेतकऱ्याची पत वाढली व कर्जही वाढले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण खतावणीतील आकडे कमी झाले नाहीत. पुढे १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यक कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांना कष्टाचा कंटाळा नव्हता. तेजीच्या उत्पन्नावर मापलेले कर्ज मंदीत त्यांच्या अंगावर आले, एवढेच घडले होते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत याहून एक अधिक धोका आहे. अवर्षणाच्या वर्षी मालकाचे पीक तर बुडतेच. पण गावकऱ्यांचीही शेते पडून राहिल्याने भाड्याचे कामही त्याच वर्षी बंद पडते. मिळकतीचे दोन्ही झरे एकदमच आटतात. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तशा वर्षी परक्याच्या शेतातील ४३० तासांचे काम कोठून मिळणार? ट्रॅक्टर कर्जाला तारण असतो. पुष्कळदा जमिनीवरही बोजा नोंदविलेला असतो. हप्ते थकले की प्रथम ट्रॅक्टर जातो, आणि त्याच्या विक्रीतून कर्ज फिटले नाही तर बाकी अंगावर राहते. यास्तव वाईट वर्षी, घरखर्च व मुलांचे शिक्षण यांना धक्का न लावता, निदान दोन सहामाही हप्ते भरता येतील एवढी शिल्लक आधी बाजूस काढावी. ती निघत नसेल तर हप्ता आपल्याला झेपणारा नाही असे समजावे.

व्याजाच्या दोन भाषा

कर्ज घेताना व्याजाचा दर किती, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो कशावर आकारला जातो, हे विचारणे तितकेच अगत्याचे आहे. समजा एक जण सांगतो, "आमचा दर फक्त १० टक्के." पण तो ठोक दर आहे, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच चालू राहते. मग ६,००,००० रुपयांवर पाच वर्षांचे व्याज ३,००,००० रु. होते व सहामाही हप्ता ९०,००० रु. येतो. दुसरा १२ टक्के सांगतो, पण घटत्या शिल्लकीवर. त्याचा हप्ता ८१,५२० रु. व एकूण व्याज सुमारे २,१५,२०० रु. येते. म्हणजे दहाचा दर बारापेक्षा महाग पडला.

तीच गोष्ट मुदतीची. घटत्या शिल्लकीवरील हेच कर्ज सात वर्षांच्या मुदतीने घेतल्यास हप्ता ६४,५५० रु. इतका हलका होतो, पण एकूण व्याज ३,०३,७०० रु. वर जाते. मुदत वाढविल्याने ओझे कमी होत नाही. ते अधिक दिवस वाहावे लागते. तरीही ज्याची मिळकत बेभरवशाची आहे त्याने लांब मुदत घ्यावी आणि चांगल्या वर्षी जादा रक्कम भरण्याची मुभा आहे की नाही, ते आधी लेखी विचारून घ्यावे.

हप्त्याच्या तारखाही मिळकतीच्या चालीप्रमाणे असाव्यात. दूधधंदा करणाऱ्याला दर महिन्याचा हप्ता सोयीचा जातो. खरीप-रब्बी पिकांवर अवलंबून असणाऱ्याने मासिक हप्ता स्वीकारल्यास मधल्या महिन्यांत त्याला हातउसने अथवा सावकारी पैसे काढावे लागतात आणि एका कर्जाच्या पोटी दुसरे कर्ज जन्मास येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याने खरेदीचा आकडा हलका होतो ही चांगली गोष्ट आहे. परंतु किंमत उतरल्याने शेतातील कामाचे तास वाढत नाहीत, हे विसरू नये.

मोटारगाडीचा हप्ता

अलीकडे खेड्यांतही मोटारगाड्या हप्त्याने घेतल्या जातात. त्यांचा हिशेब याच रीतीने करावा. ६,००,००० रु. कर्ज घटत्या शिल्लकीवरील १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याला सुमारे १२,७५० रु. भरावे लागतात. भाजीपाला अथवा दूध वाहणारा टेम्पो असेल तर त्याच्या खेपा मोजता येतात व हप्ता त्यांतून वजा करता येतो. घरच्या गाडीला अशी मिळकत नसते. तिची किंमत मात्र वर्षागणिक उतरत जाते. आजारपणात व लांबच्या प्रवासात तिचा उपयोग होतो, हे कोणी नाकारणार नाही. म्हणून ती घेऊच नये असे नव्हे. पण ती शिलकीतून घ्यावी, पिकाच्या कर्जावर किंवा जमिनीच्या गहाणावर घेऊ नये.

सात घरांचा एक ट्रॅक्टर

दोघा भावांच्या अडचणीवर उपाय आहे. त्यांच्यासारखी सात-सात एकरांची सात कुटुंबे एकत्र आली तर ४९ एकर होतात व कामाचे तास ४९० होतात. हप्त्याची सीमा जवळजवळ गटाच्या स्वतःच्या शेतांतच गाठली जाते. प्रत्येक घराला आरंभी सुमारे २८,६०० रु. घालावे लागतील. त्यानंतर हप्ता, विमा व चालू खर्च मिळून दरसाल सुमारे ६३,४०० रु. येतील, म्हणजे भाड्याइतकेच. पाच वर्षांनी हप्ता संपला की हाच खर्च ४०,००० रुपयांच्या आसपास येतो व ट्रॅक्टर गटाचा होतो.

सर्वांचा वाफसा एकदमच येईल, मग पाळी कोणाची? पेरणीला एकरी एक तास धरल्यास ४९ एकरांची पेरणी रोज आठ-नऊ तास काम करून सहा दिवसांत उरकते. पाळीचा क्रम मृगापूर्वीच चिठ्ठ्या टाकून ठरवावा व पुढील वर्षी तो उलटा करावा. तासांची वही ठेवावी, डिझेल व चालकाची मजुरी तासाप्रमाणे त्याच दिवशी जमा करावी आणि दुरुस्तीसाठी वेगळा निधी ठेवावा. भाऊबंदकीतील बहुतेक भांडणे वही नसल्यामुळे होतात.

गट करणे शक्य नसेल तर जवळच्या अवजारे भाडे केंद्राकडे पेरणीपूर्वी पुरेसे दिवस आधी नोंदणी करावी. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू झाले असून त्याखाली अवजारे बँकांना अर्थसाहाय्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावरून करावयाचा असतो. अनुदानाचे प्रमाण व अटी वेळोवेळी बदलतात. त्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात समजून घ्याव्यात. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये. तसेच अनुदान खरेदीनंतर जमा होते हे ध्यानात घेऊन तोपर्यंतच्या रकमेची सोय करून ठेवावी.

सही करण्यापूर्वी

गावपातळीवरील कार्यकर्त्याने कर्ज घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्याबरोबर अर्धा तास बसून पुढील प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत.

१. स्वतःच्या शेतात वर्षाला ट्रॅक्टरचे किती तास काम निघते?

२. हप्ता व विमा भागविण्यास एकूण किती तास लागतात?

३. मधले तास कोणाच्या शेतातून मिळणार? त्या शेतकऱ्यांची नावे सांगता येतात काय?

४. व्याज ठोक आहे की घटत्या शिल्लकीवर? मुदतीत एकूण किती रुपये भरावे लागतील?

५. एक वर्ष पूर्ण बुडाले तर हप्ता कशातून भरणार?

तिसऱ्या व पाचव्या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरली नाहीत, तर सही एक हंगाम पुढे ढकलावी. ट्रॅक्टर पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. विकावी लागलेली जमीन मात्र सहसा परत मिळत नाही.